वेफ-स्पिडोला: जुना संच घेण्याआधी

मोठ्या प्रमाणावर निघालेल्या सुरुवातीच्या सोव्हिएत ट्रान्झिस्टर रेडिओंपैकी एक म्हणजे १९५९चा 'आत्मोस्फेरा'. त्यावर फक्त लाँगवेव्ह आणि मीडियमवेव्ह लागतं. भारतात लाँगवेव्हवर केंद्रच नाही, म्हणजे इथे अर्धा संच वाया. तो कपाटात ठेवायला ठीक.

ऐकण्यासाठी घ्यायचा तर लॅटव्हियातल्या रीगाच्या वेफ कारखान्याचा 'स्पिडोला'. १९६० पासूनचा हा संच १० जर्मेनियम ट्रान्झिस्टरचा, आणि त्यावर २५ ते ७५ मीटरपर्यंत शॉर्टवेव्हचे पाच बँड आहेत. एफएम नाही, त्यामुळे कोल्हापूर आकाशवाणीचं १०२.७ यावर मिळणार नाही.

याचा जीव बँड बदलणाऱ्या गोल ड्रममध्ये आहे. प्रत्येक बँडची कॉइल वेगळ्या पट्टीवर बसवलेली, पट्टी सुटी निघते. किती सुंदर रचना! एक बँड बिघडला तरी बाकीचे चालतात. आपल्याकडच्या दमट पावसाळ्यात मात्र कॉन्टॅक्ट काळे पडतात. नॉब किंचित हलवला की आवाज येतो-जातो. आयसोप्रॉपिल अल्कोहोल आणि सुती कापड एवढंच वापरा. पॉलिश पेपर लावला तर वरचा मुलामा जातो आणि मग दुरुस्ती नाही. भाव ठरवायच्या आधी सगळे बँड फिरवून पाहाच.

दुरुस्तीत दोन ठिकाणी हमखास घोटाळा होतो. यात चासीला, म्हणजे आतल्या धातूच्या सांगाड्याला, बॅटरीचा प्लस जोडलेला असतो. नवा १०० मायक्रोफॅरड, १६ व्होल्टचा कंडेन्सर सवयीने मायनस चासीकडे करून टाकला की तो उलटा बसतो. दुसरं, आयएफ, म्हणजे रेडिओ प्रत्येक केंद्राचा सिग्नल आत ज्या एका ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर आणतो ती, ४६५ किलोहर्ट्झ आहे. आयएफटी (त्या फ्रिक्वेन्सीला जुळवायच्या छोट्या कॉइल) सवयीने ४५५ला लावल्या की डायलवर केंद्रं सरकतात आणि पकड कमी होते. आयएफटीला स्क्रू ड्रायव्हर लावायचाच असेल तर सिग्नल जनरेटरवर ४६५ लावून.

ट्रान्झिस्टर बदलताना पायाला चिमटा धरा, सोल्डर तीन सेकंदांत उरका. जर्मेनियमला उष्णता सोसत नाही.

सहा मोठे सेल, ९ व्होल्ट. रिचार्जेबल सेलवर ७.२ व्होल्ट मिळतात, तेवढ्यावरही चालतो. ॲडाप्टर लावायचाच तर ट्रान्सफॉर्मरचा जुना जड घ्या. मोबाइल चार्जरसारखे हलके ॲडाप्टर मीडियमवेव्हवर खरखर करतात, आणि दोष मात्र रेडिओला लागतो.