लॅसिक की पीआरके?

चष्मा घालवायचा म्हटलं की आधी लॅसिकचंच नाव निघतं. पीआरके त्याच्याही आधीची पद्धत. अमेरिकेत तिला १९९५ मध्ये मंजुरी मिळाली. कॉर्नियाला, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला, आकार देणारा एक्सायमर लेसर दोन्हींत तोच. फरक आहे तो लेसरला वाट कशी करून देतात, यात.

लॅसिकमध्ये साधारण १०० ते १२० मायक्रॉन जाडीचा पापुद्रा कापून पुस्तकाच्या पानासारखा उलटतात, लेसर मारतात आणि पान मिटतात. बहुतेकांना दुसऱ्याच दिवशी भिंतीवरचं कॅलेंडर वाचता येतं. पीआरकेत पापुद्रा नाहीच. वरचा पेशींचा थर अलगद काढतात. तो चार-पाच दिवसांत पुन्हा भरतो. तोवर डोळ्यावर मलमपट्टीसारखी एक लेन्स. हे दिवस सोपे नसतात. माझ्या धाकट्या बहिणीने ते पडदे ओढून काढले. सतत कांदा चिरत असल्यासारखी आग आणि पाणी. नजर स्थिरावायला पुढे काही आठवडे गेले.

तरी ती कबड्डी खेळते, म्हणून मला पीआरकेच पटलं. लॅसिकचा पापुद्रा पूर्वीइतका घट्ट कधीच बसत नाही; जोराचा फटका बसला तर कित्येक वर्षांनीही सरकू शकतो. कॉर्निया पातळ असेल तरीही पीआरकेच बरं, खाली जाडी जास्त शिल्लक राहते. डोळे कोरडे पडण्याचा त्रासही लॅसिकमध्ये अधिक. कॉर्निया चांगला जाड असेल आणि लगेच कामावर परतायचं असेल, तर मात्र लॅसिक खुशाल करावं.

केराटोकोनस असेल, म्हणजे कॉर्निया शंकूसारखा पुढे येत असेल, तर लॅसिक नकोच आणि नुसतं पीआरकेही नको. म्हणून आधी टोपोग्राफी, म्हणजे कॉर्नियाच्या आकाराचा नकाशा काढणारी तपासणी, करून घ्याच.