देवगिरी किल्ला (दौलताबाद) : अर्धा दिवस राखूनच जा

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळला नेणाऱ्या सहलीच्या बसगाड्या देवगिरीला जेमतेम तासभर थांबतात. तेवढ्यात चांद मिनारापाशी फोटो होतात, फार तर चिनी महाल गाठता येतो. यंदा आम्ही घरची गाडी काढली आणि सासूबाईंसकट सगळे दरवाजा उघडायच्या वेळीच हजर झालो. वेरूळ दुसऱ्या दिवशी करा, पण देवगिरी अशी उरकू नका.

हा नुसता डोंगरी किल्ला नाही, तटात वसवलेलं अख्खं शहर आहे. बाहेरचा अंबरकोट, त्याच्या आत महाकोट आणि डोंगराला बिलगलेला कालाकोट. वेरूळचा डांबरी रस्ता अंबरकोटातूनच जातो, म्हणजे तिकीट काढायच्या आधीच आपण जुन्या राजधानीत शिरलेले असतो. बाराव्या शतकाच्या अखेरीस भिल्लम यादवाने ती वसवली. १३२७ मध्ये मुहंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी इथे हलवून नाव दौलताबाद केलं. पुढे बहमनी, निजामशाही, मुघल आणि शेवटी हैदराबादचे निजाम.

गाईड जरूर घ्या. आमचा इथलाच होता आणि घाई अजिबात करत नव्हता. पहिल्याच दरवाजाशी खिळ्यांकडे बोट दाखवून म्हणाला, "ताई, हत्तीचं कपाळ कुठवर येतं, ते बघा." पुढचा दरवाजा समोर नाही, वळणावर. हत्तीला धाव घ्यायला जागाच ठेवलेली नाही. एरवी मी सरळ चालत गेले असते.

खरी कमाल कालाकोटाच्या पुढे आहे. डोंगराचा पायथा सभोवती ताशीव भिंतीसारखा उभा कापून काढलाय आणि खाली खडकातच खोदलेला खंदक. पुलावर थांबून त्या कड्यावर नजर फिरवा, बोटं रुतवायलाही कपार सापडत नाही. पूल ओलांडला की अंधारी, म्हणजे खडकातला काळोखा भुयारी मार्ग. उंचसखल पायऱ्या, अचानक वळणं, वटवाघळांचा उग्र वास. गाईडने मशाल विझवली आणि शेजारी उभा असलेला माझा मुलगाही मला दिसेना. शत्रू आत शिरलाच तर वरच्या तोंडाशी विस्तव पेटवून धूर कोंडायची सोय होती. असा किल्ला १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजीपुढे झुकला. कोठारातली पोती धान्याची म्हणून ठेवली होती, उघडली तर निघालं मीठ, असं सांगतात. त्या काळोखात हे ऐकताना मला तेव्हाच्या यादव राजाबद्दल, रामदेवरायाबद्दल, फार वाईट वाटलं.

अंधारी नको असेल तर बाहेरून पायऱ्या आहेत, पण चढ चुकत नाही. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्या भारतमाता मंदिरापाशीच थांबल्या. ही मूळची १३१८ ची मशीद, खांब त्याहून जुन्या मंदिरांचे, आणि हैदराबाद संस्थान विलीन झाल्यावर इथे भारतमातेची मूर्ती बसवली. एकेक खांब निरखत त्या निवांत बसल्या होत्या. त्यांना ओढ होती ती जनार्दनस्वामींच्या स्थानाची. एकनाथांचे गुरू इथले किल्लेदार होते, आणि एकनाथी भागवत सासूबाईंच्या रोजच्या वाचनात. ते स्थान वर आहे, म्हणून नमस्कार आमच्याकरवी पोचवला.

चिनी महालाच्या भिंतीवर निळ्या फरशांचे तुकडेच उरलेत. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन औरंगजेबाच्या कैदेत इथेच होता. शेजारच्या बुरुजावरची मेंढा तोप मात्र चुकवू नका, मागच्या टोकाला शिंगं असलेलं मेंढ्याचं डोकं इतकं रेखीव आहे की मुलं तिथून हलेनात. चांद मिनार बाहेरूनच पाहावा लागतो.

गैरसोय म्हणाल तर पाणी खालूनच भरून न्या आणि चपला नकोत, पक्के बूट घाला. पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या होतात. दिवाळीच्या सुमारास गेलात तर पायथ्याशी सीताफळांच्या पाट्या मांडलेल्या असतात, उतरल्यावर घ्या. आणि वेळ उरला तर पुढच्या कागजीपुऱ्यात हातकागद बनताना बघा.