आधार आधी की जन्मदाखला?

सोलापुरात सेटलमेंटजवळ (इंग्रजांनी ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींना ठेवलेली वसाहत) राहणाऱ्या पारधी मावशी नातवासाठी विचारत होत्या. पोरगा पंधराचा, हातात एकही कागद नाही.

आधार फुकट निघतं. बोटं टेकवायची, डोळे दाखवायचे; पण ओळख-पत्त्याचा किंवा कुटुंबप्रमुखाशी नात्याचा एखादा कागद लागतो. शाळा-रेशनला चालतं, पण आधार कायद्याच्या कलम 9 नुसार तो नागरिकत्वाचा पुरावा नाही.

जन्मदाखल्याला घाम फुटतो. पालावरच्या बाळंतपणाची नोंद कोण करणार? वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश, पुरावे, चकरा, बुडालेला रोज. पण जन्माची तारीख-जागा पक्की होते. 1 जुलै 1987 पूर्वी इथे जन्मलेल्याला साधारण तेवढं पुरतं; नंतरच्याला आई किंवा बाप भारतीय नागरिक असल्याचंही दाखवावं लागतं, आणि 3 डिसेंबर 2004 पासून जन्मलेल्याला दुसरा पालक बेकायदा स्थलांतरित नसल्याचंही. आणि 1952 पर्यंत जन्मानेच गुन्हेगार ठरवलेल्या पारध्यांसारख्या जमातींची जन्मनोंद राहिली, सरकारने हजेरी तेवढी नेमाने घेतली!

रेशन अडलंय? आधार काढा. तान्हं बाळ असेल तर 21 दिवसांत फुकट नोंद. मावशींच्या नातवाने आधार काढून त्यावर भागवत दाखल्याचा अर्ज आजच टाकावा.