एमटीआर: पॅकेट नेमके कुठे हरवते ते दाखवणारे साधन

जोडणी सारखी तुटत असेल, तर दोष घरच्या राउटरमध्ये आहे, सेवा पुरवठादाराच्या जाळ्यात आहे की त्याच्याही पुढे, हे शोधण्यासाठी माझ्या मते एमटीआरइतके उपयोगी साधन दुसरे नाही. मॅट किंबॉल यांनी १९९७ मध्ये लिहिलेले आणि पुढे रॉजर वोल्फ यांनी सांभाळलेले हे मुक्त सॉफ्टवेअर लिनक्सवर विनामूल्य मिळते आणि पिंग (समोरचे यंत्र उत्तर देते का, किती वेळात देते हे पाहणारे) व ट्रेसराउट (वाटेतले राउटर दाखवणारे) या दोन्ही साधनांचे काम एकाच पडद्यावर करते.

त्याचा आधार आहे १९८१ च्या आरएफसी ७९२ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजामध्ये मांडलेला आयसीएमपी, म्हणजे जाळ्यातल्या अडचणी कळवणाऱ्या संदेशांचा प्रोटोकॉल. जाळ्यातून माहिती पॅकेट नावाच्या छोट्या तुकड्यांत जाते. प्रत्येक पॅकेटवरील टीटीएल, म्हणजे अजून किती राउटर ओलांडता येतील हे सांगणारा आकडा, वाटेतला प्रत्येक राउटर एकाने कमी करतो आणि तो शून्यावर आला की पॅकेट टाकून देऊन पाठवणाऱ्याला मुदत संपल्याचा, म्हणजे प्रकार ११ चा, संदेश धाडतो. एमटीआर टीटीएल १, २, ३ असा वाढवत पॅकेट सोडत राहते, त्यामुळे एकेका टप्प्याचा, म्हणजे वाटेतल्या राउटरचा, पत्ता, लागलेला वेळ आणि गळतीची (उत्तर न आलेल्या पॅकेटची) टक्केवारी सतत बदलताना दिसते.

ही टक्केवारी वाचताना मात्र काळजी घ्यावी लागते. मधल्या एखाद्या टप्प्यावर ६० टक्के गळती दिसली, पण शेवटच्या टप्प्यावर ती शून्य असली, तर त्या राउटरला दोष देणे अन्यायाचे आहे. तो पॅकेट व्यवस्थित पुढे पाठवत असतो, फक्त असे संदेश तयार करण्यावर त्याने मर्यादा घातलेली असते. गळती एका टप्प्यापासून सुरू होऊन शेवटपर्यंत टिकली, तरच ती गांभीर्याने घ्यावी. नवख्या माणसाला हा भेद पडद्यावर कुठेच सांगितला जात नाही, ही या साधनाची मोठी उणीव आहे.

परतीची वाट एमटीआरमध्ये दिसत नाही, आणि ती जाण्याच्या वाटेहून अनेकदा वेगळी असते. म्हणून शक्य असेल तर दोन्ही टोकांकडून चाचणी घ्यावी. अहवालासाठी मूळची १० फेऱ्यांची मर्यादाही तोकडी आहे. अधूनमधून होणारी गळती पकडायची असेल तर ही मर्यादा किमान १०० करावी. आयसीएमपी अडवणारी फायरवॉल (रहदारी गाळणारी सुरक्षा यंत्रणा) वाटेत असेल, तर टीसीपी या दुसऱ्या प्रोटोकॉलचा पर्याय निवडून सुरक्षित वेबसाइट वापरतात त्या ४४३ या पोर्टवर चाचणी घेता येते, आणि ही सोय मला फार मोलाची वाटते. सेवा पुरवठादाराकडे तक्रार नोंदवताना असा अहवाल जोडला, तर चर्चा थेट त्या टप्प्यापासून सुरू करता येते.