जमा दिसले, जमा झाले नव्हते

सोफे, गाद्या, गालिचे घरी जाऊन धुऊन देण्याचं काम मी करते. हाताखाली 3 मुलं, 2 मशिनं. रोखीचा हिशेब रोज रात्री जुळेना, म्हणून बिलाचे पैसे थेट बँक खात्यात घ्यायला लागले. नुसत्या खातेक्रमांकावरून कुणी पैसे काढू शकत नाही, ही माझी समजूत होती. ती चुकीची नव्हतीच. माझ्या खात्यातून कुणी काही काढलं नाही. मीच पाठवले.

एका गृहस्थांनी फोनवर 26 सोफ्यांचं काम सांगितलं. नवीन विश्रामगृह सुरू करतोय म्हणाले. दर ऐकून घेतला, घासाघीस अजिबात केली नाही. वर पूर्ण रक्कम आगाऊ देतो म्हणाले. आमच्या धंद्यात निम्मे पैसे आगाऊ मागितले तरी लोकांच्या कपाळाला आठ्या पडतात, त्यामुळे मी हुरळून गेले आणि खातेक्रमांक पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पैसे जमा झाल्याचा मेसेज आला. खोट्या मेसेजचे आणि खोट्या स्क्रीनशॉटचे किस्से ऐकून होते, म्हणून अ‍ॅप उघडून पाहिलं. शिल्लक खरंच वाढली होती. फक्त रक्कम ठरल्याच्या जवळजवळ अडीचपट होती.

पाचच मिनिटांत फोन. "मॅडम, आमच्या अकाउंटंटने घोळ घातला. फर्निचरच्या ट्रकवाल्याचे पैसेही तुमच्याकडेच आले. ट्रक अडून बसलाय. तुमचे ठेवा, वरचे तेवढे त्याला पाठवता का? खातेक्रमांक देतो."

पाठवले. प्रामाणिकपणा नडला असं म्हणायला बरं वाटतं, पण एवढं मोठं काम हातचं जाऊ नये हीही घाई होतीच.

तिसऱ्या दिवशी मुलांचे पगार करायला बसले तर खातं जवळपास रिकामं. बँकेत धावत गेले. तिथल्या बाईंनी स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि नोंदीवर बोट ठेवलं. ते ट्रान्सफर नव्हतंच, त्यांनी माझ्या खात्यात चेक भरला होता. चेक भरायला खातेक्रमांक आणि नाव पुरतं, माझ्या परवानगीची गरज नसते. चेकची रक्कम एकूण शिल्लकेत लगेच दिसू लागली, पण तो वटायला वेळ होता. अ‍ॅपमध्ये त्याखालीच 'वापरता येणारी शिल्लक' असा दुसरा आकडा होता, आणि तो हललाच नव्हता. तो मी पाहिलाच नाही. ट्रकवाल्याला गेले ते माझेच, पगारासाठी बाजूला ठेवलेले. चेक परत आला, त्याची नोंद उलटली. मी पाठवलेले मात्र काही क्षणांत पोचले होते आणि त्या खात्यातून तितक्याच लवकर काढलेही गेले होते. बँकेने समोरच्या बँकेला विनंती पाठवली, मी पोलिसांत तक्रार दिली. हाती अजून काही आलेलं नाही. तो फोन तेव्हापासून बंद आहे.

घरी येऊन सगळे मेसेज पुन्हा वाचले, तेव्हा राग त्याच्यापेक्षा माझाच जास्त आला. 26 सोफे, आणि एकाचाही फोटो नाही. धुवायचं कापड कुठलं, डाग कसले, हे त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही! एरवी एका सोफ्यासाठी मी 10 प्रश्न विचारते.

आता पैसे घ्यायला वेगळं खातं ठेवलंय. त्यात जमा झालं की मी रोजच्या रोज दुसरीकडे वळवते. नोंदीत 'चेक' दिसला तर तो वटल्याचं बँकेकडून कळेपर्यंत काम सुरू होत नाही. जागेवर ग्राहकाने मोबाइल पुढे करून 'हे बघ, पाठवले' म्हटलं तर मुलांनी मला फोन करायचा, एवढंच त्यांना सांगून ठेवलंय. परतावा ज्या खात्यातून पैसे आले त्यातच जाईल, तिसऱ्या कुणाला नाही, हे बुकिंगच्या मेसेजमध्येच लिहिते.

गेल्या महिन्यात एका बाईंकडून खरोखरच एक शून्य जास्त पडलं. मी बँकेत नोंद पक्की करून घेतली आणि 2 दिवसांनी जास्तीचे पैसे त्यांच्याच खात्यात परत केले. त्या 2 दिवसांत त्यांनी मला 14 वेळा फोन केला, आणि पुढचं काम दुसऱ्याला दिलं.