चकमकीच्या ठासणी रायफलीत झालेली फसवणूक

"चकमकच घ्या. टोप्या संपल्या की टोपीची बंदूक नुसती काठी. गारगोटी कुठेही मिळते." ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू-गोळी ठासून भरायची, रायफल विकणाऱ्याचं हे बोलणं. टोपी म्हणजे घोडा आपटताच पेटणारी छोटी स्फोटक वाटी; चकमकीत तेच काम गारगोटीची ठिणगी करते. त्याच्या बोलण्यात अर्धं सत्य होतं आणि त्याच्या जोरावर त्याने बाकीचं खोटं खपवलं.

त्याने रिकाम्या बंदुकीचा चाप दाबून दाखवला, ठिणग्या पडल्या. फ्रिझनला, म्हणजे गारगोटी ज्यावर आपटते त्या पातीला, नीट पाणी दिलंय, म्हणजे तापवून-विझवून कडक केलंय, असंही तो म्हणाला. थोड्याच बारांनंतर ठिणग्या मंदावल्या. तक्रार केली तर म्हणे गारगोटी खराब. शेवटी एका जाणत्या कारागिराने पातीच्या कडेला कानस लावली. पाणी दिलेल्या पोलादावरून कानस घसरते. इथे ती सरळ रुतली. चकमकीची ठिणगी म्हणजे गारगोटीने खरवडलेला पोलादाचा जळता कण. मऊ पातीतून तो धड निघतच नाही, नुसते चरे पडतात.

दुसरं खोटं मला जास्त संतापजनक वाटतं, कारण ते जिवावर बेतू शकतं. काळ्या दारूऐवजी वापरायची पायरोडेक्ससारखी पर्यायी दारू चकमकीतही चालते, असं सांगून त्याने तीही गळ्यात मारली. ती पेटायला काळ्या दारूपेक्षा जास्त उष्णता लागते. टोपीला जमतं ते रंजकाच्या, म्हणजे ठिणगीने पेटणाऱ्या बाहेरच्या चिमूटभर दारूच्या, झोताला भरवशाने जमत नाही. बार उडेना, किंवा उशिरा उडे. असं झालं तर नळी निशाण्याकडेच रोखून निदान एक मिनिट थांबा. लगेच तोंडाशी डोकावू नका.

दमट हवेत जायचं असेल तर टोपी किंवा शॉटगनच्या काडतुसातला २०९ प्रायमर (पेटवणीची वाटी) बरा, हेही त्याने लपवलं. स्कॉटिश पाद्री अलेक्झांडर फोर्साइथ यांनी १८०७ मध्ये टोपीचं मूळ असलेल्या फल्मिनेटच्या, म्हणजे आघाताने पेटणाऱ्या रसायनाच्या, पेटवणीचं पेटंट घेतलं. रंजकाचा भडका दिसताच पक्षी उडून जात, हा त्यांचा वैताग त्यामागे होता.

पैसे परत मागितले तेव्हा त्याने पावती पुढे केली: "शोभेची वस्तू". तोंडी मात्र "बार काढायला तयार" असं सांगितलं होतं.

म्हणून पैसे देण्याआधी कानस लावून बघू द्या म्हणा, अंधारात सलग ठिणग्या पाडून घ्या, नळीच्या बाजूचं छिद्र आरपार आहे का ते तार घालून पाहा. "काळ्या दारूने बार काढण्यायोग्य, फ्रिझन पाणी दिलेलं" हे पावतीवर लिहून द्यायला तो कचरला, तर तिथून निघा.