मूत्राशय काढायचं की राखायचं?

'पिशवी काढावी लागेल' म्हटलं की आपल्याकडे आधी गर्भाशय आठवतं. इथे बोलणं लघवीच्या पिशवीचं आहे, आणि हा प्रश्न मुख्यतः कर्करोगाची गाठ मूत्राशयाच्या स्नायूत शिरली असेल तेव्हाच येतो. निदानाच्या वेळी चारातल्या साधारण तीन गाठी वरवरच्या असतात. त्या दुर्बिणीतून खरवडतात, जोखीम जास्त असेल तर मूत्राशयात बीसीजी सोडतात (क्षयाची लस, तीच). म्हणून घाबरण्याआधी बायोप्सीचा रिपोर्ट वाचून घ्या: तुकड्यात स्नायू आला होता का, आणि गाठ त्यात पोचली आहे का? स्नायूच आला नसेल तर पुन्हा खरवडायला हवं का, हे आधी विचारा.

गाठ स्नायूत असेल तर पहिली वाट ऑपरेशनची. मूत्रपिंडं साथ देत असतील तर आधी सिस्प्लॅटिनची केमो, मग मूत्राशय काढतात. सोबत पुरुषाची प्रोस्टेट, बाईचं बहुधा गर्भाशय. लैंगिक आयुष्यावर परिणाम होतो, हे आधीच मोकळेपणी बोलून घ्यावं. लघवीसाठी आतड्याच्या छोट्या तुकड्याची वाट करून पोटावर तोंड काढतात आणि तिथे पिशवी लावतात. किंवा आतड्याचंच नवं मूत्राशय शिवतात. दुसरं ऐकायला छान वाटतं, पण पूर्वीसारखी लघवीची जाणीव होत नाही, घड्याळ बघून जावं लागतं, रात्री कपडे ओले होऊ शकतात, काहींना स्वतः नळी घालावी लागते. वय झालेल्या, हात थरथरणाऱ्या माणसाला मला पोटावरची पिशवीच बरी वाटते. तिची धास्ती प्रत्यक्षाहून मोठी असते.

दुसरी वाट मूत्राशय राखण्याची: गाठ शक्य तितकी खरवडायची, मग चार ते साडेसहा आठवडे रेडिएशन आणि सोबत केमो. केमो टाळू नये. ब्रिटनच्या बीसी2001 चाचणीत दोन वर्षांनी ओटीपोटात रोग न परतलेले रुग्ण केमोसह 67 टक्के होते, नुसत्या रेडिएशनवर 54.

दोन्ही वाटांची थेट तुलना करणारी ब्रिटनचीच स्पेअर चाचणी पुरेसे रुग्ण न मिळाल्याने थांबली. 2023 मध्ये अमेरिका-कॅनडातल्या 722 रुग्णांच्या नोंदी ताडून पाहिल्या, तेव्हा पाच वर्षांनी रोग शरीरात इतरत्र न पसरलेले दोन्हीकडे सुमारे 75 टक्के निघाले. मात्र ते निवडक रुग्ण होते: एकच गाठ, सात सेंटीमीटरहून लहान, मूत्रपिंड सुजलेलं असलंच तर फक्त एक, दोन्ही नाहीत. गाठी अनेक असतील किंवा मूत्राशय आधीच आक्रसलेलं असेल, तर राखण्याचा हट्ट धरू नये.

राखलेल्या मूत्राशयात गाठ परत येऊ शकते, आणि ती स्नायूत शिरली असेल तर मूत्राशय बहुधा काढावंच लागतं. त्यासाठी दुर्बिणीची तपासणी सुरुवातीला दर तीन-चार महिन्यांनी, पुढे आयुष्यभर. गडचिरोली किंवा सावंतवाडीहून येणाऱ्याने हे फार गांभीर्याने मोजावं. रेडिएशनच्या काळात शहरात राहायची सोयही लागते.

सर्जनने एकच वाट सांगितली, तरी सही करण्याआधी रेडिएशनच्या डॉक्टरांना रिपोर्ट दाखवा. सर्जनला विचारा, असं ऑपरेशन तुमच्याकडे वर्षाला किती होतं?